पित्तनलिकेच्या ऑपरेशननंतर मुलाची पोर्टल व्हेन बिघडली तर: हेपरिन, फुगा की बायपास?

बालरोग_पेडणे
सोमवार, रात्री ९:१०

इथे सर्जन, सोनोग्राफीवाले, नर्सिंगमधली मंडळी सगळीच वावरतात, म्हणून धागा काढतोय. प्रश्न गोव्यातल्या तालुक्याच्या पातळीवरचा आहे, आणि पोर्टल व्हेनचा, म्हणजे आतड्यांचं आणि प्लीहेचं रक्त यकृतात नेणाऱ्या मोठ्या शिरेचा.

दोन प्रकारची मुलं फॉलोअपला येतात. पहिली, बिलिअरी अट्रेझिया (जन्मापासून पित्तनलिका बंद) असलेली, जन्मानंतर दोनेक महिन्यांत कसाई ऑपरेशन (बंद नलिका काढून यकृताच्या दाराशी आतडं जोडणं) झालेली. दुसरी, कोलेडोकल सिस्ट (पित्तनलिकेचा फुगलेला भाग) काढून यकृताच्या नळीला आतडं जोडलेली. दोघांच्याही डॉप्लरच्या (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या) कागदावर कधी ना कधी 'पोर्टल व्हेन बारीक', 'थ्रॉम्बस' (गुठळी), 'कॅव्हर्नोमा' (बंद शिरेच्या जागी बारीक शिरांचा पुंजका) यांपैकी एखादा शब्द उगवतो. सोबत पाणथरी (प्लीहा) वाढलेली आणि प्लेटलेट उतरत चाललेले.

माझं मत आधी मांडतो, मग झोडपा: शिरेत गुठळी म्हटल्यावर हेपरिन (रक्त पातळ करणारं औषध) लगेच सुरू करावं, मोठ्या ठिकाणी पाठवण्यात दोन-चार दिवस घालवू नयेत. आणि दुसरं, या दोन्ही प्रकारच्या मुलांना एकाच क्रमाने तपासावं. पटतं का?

दुसरा_टाका
सोमवार, रात्री ९:४८

दोन्ही पटत नाही. 😀

सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारा: या मुलाचं यकृत स्वतः आजारी आहे की धडधाकट? पुढचं सगळं त्यावर ठरतं.

अट्रेझियाच्या मुलात ऑपरेशन उत्तम जमलं, कावीळ उतरली, तरी यकृतात फायब्रोसिस (व्रणासारखे तंतू साठत जाणं) चालूच राहतो. पोर्टलचा दाब वाढतो तो यकृताच्या आतल्या अडथळ्यामुळे. शिरेतून पुढे रक्त सरकत नाही, वर वारंवार कोलँजायटिस (पित्तमार्गाचा जंतुसंसर्ग) होऊन यकृताच्या दाराशी सूज राहते, त्यामुळे शीर वाढायच्या वयात वाढतच नाही. ती बंद नसते, खुरटलेली असते. खुरटलेल्या शिरेला हेपरिन देऊन काय वितळवणार?

सिस्टच्या मुलात उलट. यकृत बहुधा चांगलं. शिरेला इजा झाली ती बाहेर, आणि कारण साधं आहे: पोर्टल व्हेन पित्तनलिकेच्या बरोबर मागे असते. वारंवार सूज येऊन गेलेली सिस्ट तिला चिकटून बसते. सोडवताना शीर फाटली, टाका घेताना अरुंद झाली, किंवा नंतर जोडातून पित्त गळून तिथे पू झाला की गुठळी होते. म्हणूनच फार चिकटलेल्या सिस्टमध्ये लिलीची पद्धत वापरतात. मागच्या भिंतीचा बाहेरचा थर शिरेवर तसाच सोडायचा, आतलं अस्तर तेवढं सोलून काढायचं. अस्तर गेलं की पुढे कॅन्सरची भीती बरीच कमी होते आणि शीरही वाचते. 'पूर्ण काढलीच पाहिजे' या हट्टापायी शीर घालवण्यात शहाणपणा नाही.

अट्रेझियाच्या ऑपरेशनमध्ये इजेची जागा वेगळी. बंद नलिकेच्या जागी उरलेला तंतूंचा शंकू, पोर्टल व्हेन दोन शाखांत फुटते तिथल्या बेचक्यात बसलेला असतो. तिथून मागे कॉडेट लोबकडे जाणाऱ्या बारीक शिरा एकेक बांधाव्या लागतात. एखादी निसटली की रक्त येतं, घाईत डायथर्मी (विजेने जाळून रक्त थांबवणं) लावली जाते, त्या फाट्यावर ताण येतो. आणि ज्या बाळांना अट्रेझियासोबत अनेक प्लीहा, अवयवांची उलटापालट असे दोष असतात, त्यांच्यात पोर्टल व्हेन ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) पुढून जाऊ शकते. हे आधी माहीत नसेल तर पहिल्याच दहा मिनिटांत घात.

तिरफळ
सोमवार, रात्री १०:०२

अवांतर: आजीला 'बाळाचं कसाई ऑपरेशन करायचंय' असं सांगणाऱ्या इंटर्नना एक दिवस आजीच कापून काढणार आहे.

यकृतपुराण
सोमवार, रात्री १०:१५

@तिरफळ, हाहा. म्हणून 'कासाई' लिहावं आणि म्हणावं. मोरिओ कासाई, जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातले सर्जन. १९५० च्या दशकात त्यांनी ही शस्त्रक्रिया केली आणि १९५९ मध्ये जपानी भाषेत छापली. त्याआधी यातल्या बहुतेक बाळांना वाचवायचा मार्गच नव्हता. आजीला एवढं सांगितलं की ती हात जोडते.

@दुसरा_टाका यांच्या पहिल्या प्रश्नाला +१. फक्त एक भर: अट्रेझियाच्या मुलातही खरी गुठळी होऊ शकते, विशेषतः सिऱ्होसिसमध्ये (यकृत व्रणांनी कडक झाल्यावर) प्रवाह मंदावला की. तेव्हा 'कासाई झालंय म्हणजे हेपरिन नाहीच' असा नियम करू नका. यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत असलेल्या मुलात शीर उघडी ठेवणं मोलाचं असतं. पण तो निर्णय प्रत्यारोपण करणाऱ्या टीमने दुर्बिणीने अन्ननलिका बघून घ्यायचा. पेडण्यात सोमवारी रात्री नाही.

डॉप्लरवाली
मंगळवार, सकाळी ७:२०

आता माझ्या खात्याकडे वळू, कारण अर्धा गोंधळ आमच्या कागदातूनच सुरू होतो.

मूल ३ ते ४ तास उपाशी हवं. दूध पाजून शांत केलेलं बाळ आईला बरं वाटतं, पण पोट वायूने भरतं आणि जेवणानंतर पोर्टलचा प्रवाह वाढून आकडे बदलतात. रडणाऱ्या मुलात प्रवाह क्षणाक्षणाला मागेपुढे होतो. थांबा, शांत होऊ द्या.

सगळ्यात घातक चूक म्हणजे मंद प्रवाहाला गुठळी म्हणणं. वेगाचं स्केल मोठ्यांच्या सेटिंगवर राहिलेलं असतं, ७-८ सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाने जाणारं रक्त त्यात दिसतच नाही, आणि रिपोर्ट जातो 'पोर्टल व्हेन थ्रॉम्बोसिस'. स्केल खाली आणा, वॉल फिल्टर कमी करा, कोन ६० अंशांच्या आत ठेवा, पॉवर डॉप्लर लावा. उलटही घडतं. ताजी गुठळी काळी दिसते, साध्या बी-मोडमध्ये (काळ्या-पांढऱ्या चित्रात) शीर निर्मळ वाटते, रंग लावल्यावरच पोकळी भरत नाही हे कळतं.

रिपोर्टमध्ये काय मागायचं: मुख्य शिरेचा व्यास मिलिमीटरमध्ये, प्रवाहाची दिशा (यकृताकडे की यकृतापासून दूर), डावी आणि उजवी शाखा वेगवेगळी, स्प्लेनिक (प्लीहेची) आणि सुपीरिअर मेसेंटेरिक (आतड्याची) व्हेन उघड्या आहेत का, हिपॅटिक धमनी, पाणथरीची लांबी, पोटात पाणी. आणि जे जवळजवळ कोणीच लिहीत नाही ते म्हणजे डाव्या शाखेचा नाभीकडचा भाग, रेक्सची खोबण. ती उघडी आहे का? सर्जन लोक याच एका ओळीसाठी मूल परत पाठवतात.

कॅव्हर्नोमा म्हणजे शिरेच्या जागी शेवयांसारख्या वाकड्यातिकड्या बारीक शिरांचा पुंजका. गुठळीनंतर काही आठवड्यांतच दिसू लागतो. तो दिसला म्हणजे ताज्या गुठळीची वेळ निघून गेली असं धरा.

थेंबथेंब
मंगळवार, सकाळी ८:०५

वरच्या शेवटच्या वाक्याला जोडून. हेपरिनचा खरा उपयोग ताज्या गुठळीत. कॅव्हर्नोमा झालेल्या आणि अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असलेल्या मुलाला रक्त पातळ करणारं औषध दिलं, तर बंद शीर उघडत नाही, फुगलेली मात्र फुटते.

ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात गुठळी सापडली तर आधी सर्जनला विचारा: परत उघडून गुठळी काढायची का? पूर्ण बंद झालेल्या ताज्या शिरेत, विशेषतः प्रत्यारोपणानंतर, तास महत्त्वाचे असतात. औषधच द्यायचं ठरलं तर सुरुवात साध्या हेपरिनने, कारण ते थांबवलं की काही तासांत उतरतं आणि प्रोटॅमिनने उलटवता येतं. बोलस (एकदम द्यायचा पहिला डोस) ७५ युनिट प्रतिकिलो. ताज्या टाक्यांवर बोलस टाळलाही जातो. मग एक वर्षाखालच्या बाळाला ताशी २८ युनिट प्रतिकिलो, त्यावरच्याला २०. स्थिरावल्यावर एनॉक्सापरिन (हेपरिनचाच जास्त वेळ टिकणारा प्रकार): दोन महिन्यांखाली १.५ मिग्रॅ प्रतिकिलो, त्यावर १ मिग्रॅ प्रतिकिलो, दर बारा तासांनी, त्वचेखाली. अँटी-टेन-ए पातळी (औषधाचा परिणाम मोजणारी रक्तचाचणी) डोसनंतर ४ ते ६ तासांनी, ०.५ ते १ च्या दरम्यान. साधारण तीन महिने, मग पुन्हा डॉप्लर.

आता व्हिटॅमिन के. काविळीच्या मुलात पित्त आतड्यात नीट उतरत नाही, म्हणून हे व्हिटॅमिन शोषलं जात नाही, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वाढतो. लोक समजतात, 'रक्त आपोआप पातळ आहे, गुठळी कशी होईल?' होते. कारण गुठळी रोखणारी प्रोटीन सी आणि एस हीसुद्धा यकृतातच बनतात आणि त्यांनाही व्हिटॅमिन के लागतंच. वाढलेला आयएनआर हे संरक्षण नव्हे.

प्लेटलेट ५० हजारांखाली असतील तर पूर्ण डोस देण्याआधी दहादा विचार. डोस इथून वाचून घरी कोणी काही सुरू करू नका, हे सांगायला नकोच.

वॉर्ड_रात्रपाळी
मंगळवार, सकाळी ८:३१

एनॉक्सापरिनबद्दल नर्सिंगच्या बाजूने, कारण चूक इथेच होते.

भरलेली सिरिंज येते ती ४० मिग्रॅ, ०.४ मिलीत. म्हणजे १ मिलीत १०० मिग्रॅ. सहा किलोच्या बाळाला ६ मिग्रॅ म्हणजे ०.०६ मिली. इतकं बारीक माप साध्या सिरिंजवर दिसत नाही, म्हणून इन्सुलिनची सिरिंज वापरतात. १०० युनिटच्या (यू-१००) सिरिंजवर एक युनिट म्हणजे ०.०१ मिली, म्हणजे बरोबर १ मिग्रॅ. सहा युनिट, सहा मिग्रॅ. सोपं.

पण आपल्याकडे ४० युनिटची (यू-४०) सिरिंजही सर्रास मिळते. तिचं एक युनिट ०.०२५ मिली. तेच सहा युनिट भरले तर १५ मिग्रॅ गेले, अडीचपट. लाल टोपी यू-४०, नारिंगी टोपी यू-१००. घरी इंजेक्शन देणाऱ्या आईला डिस्चार्जच्या वेळी मिलिग्रॅम सांगू नका. नारिंगी टोपीची सिरिंज हातात देऊन त्यावर पेनने खूण करून द्या, आणि कागदावर 'लाल टोपी चालणार नाही' असं मोठ्या अक्षरात लिहा.

डोस घेतल्यावर सुई पोटावरच्या टाक्यांपासून दूर, मांडीत, टोचून झाल्यावर चोळायचं नाही.

थेंबथेंब
मंगळवार, सकाळी ८:४०

यू-४० चा मुद्दा माझ्या प्रतिसादात असायला हवा होता. दंडवत.

मांडवीकाठ
मंगळवार, दुपारी १:१२

पालकांच्या बाजूने एक बाळबोध प्रश्न. 'काळं शौच आलं तर ताबडतोब या' असं सांगतात. पण यांना लोहाचे थेंब चालू असतात, त्यानेही शौच काळं होतं. आणि सोलकढी पिऊन झालेली उलटी लाल असते. ओळखायचं कसं?

वॉर्ड_रात्रपाळी
मंगळवार, दुपारी १:४०

बाळबोध नाही, रोज विचारला जाणारा प्रश्न आहे.

लोहाचं शौच हिरवट काळं, बांधीव, वास नेहमीचाच. रक्ताचं शौच डांबरासारखं: चिकट, चकाकणारं, पाण्याने लवकर न धुतलं जाणारं, आणि वास असा की खोलीत शिरल्यावर कळतो. पांढऱ्या कापडावर पसरून कडा बघा, रक्त असेल तर कडेला लालसर छटा येते. कोकमाची उलटी गुलाबी-जांभळी, पातळ, गाठी नसलेली. रक्ताची गडद लाल गाठींसकट किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी. रंगाबद्दल शंका असली तरी मूल पांढरं पडलंय, नाडी पळतेय, हातपाय गार आहेत, तर वाद घालत बसू नका, १०८ ला फोन करा.

ताप आला म्हणून आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका. पॅरासिटामॉल, मोजून.

यकृतपुराण
मंगळवार, दुपारी ३:०५

रक्ताची उलटी झालेलं मूल वाळपई किंवा काणकोणला पहिल्यांदा पोचलं तर काय करायचं ते लिहितो, कारण त्या दोन तासांत बरंच काही हातात असतं.

सलाइनसाठी दोन शिरा मिळवा. ग्रुपिंग, क्रॉसमॅच, साखर. हिमोग्लोबिन ७ ते ८ वर आणून थांबा. १० वर न्यायच्या नादात रक्त जास्त चढवलं की पोर्टलचा दाब वाढतो आणि थांबलेला स्राव पुन्हा सुरू होतो. सलाइनच्या बाटल्यांनाही हेच लागू.

ऑक्ट्रिओटाइड (पोर्टलचा दाब उतरवणारं औषध): बोलस १ ते २ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो, मग ताशी १ ते २ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो. हिशेब सोपा करून देतो: ५०० मायक्रोग्रॅम ५० मिली सलाइनमध्ये, म्हणजे १ मिलीत १०. दहा किलोच्या मुलाला ताशी १ मिली म्हणजे १ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो. पंपावरच द्यायचं, ठिबकात टाकून अंदाजे नाही. साखरेवर लक्ष ठेवा, आणि थांबवताना हळूहळू उतरवा.

सोबत सेफ्ट्रिॲक्सोन (प्रतिजैविक). व्हिटॅमिन के शिरेतून, सलाइनमध्ये मिसळून सावकाश. दुर्बीण मूल स्थिर झाल्यावर, २४ तासांच्या आत. पांढऱ्याफटक मुलाला भूल देऊन घाईघाईत दुर्बीण घालणं म्हणजे दुसरं संकट ओढवून घेणं.

तिरफळ
मंगळवार, दुपारी ३:२२

आणि हे सगळं करून झाल्यावर मूल न्यायचं, पंपाची बॅटरी पूर्ण भरून आणि पुढच्या तासांची सिरिंज आधीच तयार ठेवून. बांबोळीपर्यंत (गोवा मेडिकल कॉलेज) ठीक, पण पुढे बेळगावला नेत असाल तर पावसाळ्यात चोर्लाघाटात दरड आली की तुमचा 'दोन तासांचा' हिशेब घाटातच बसतो. ऑक्ट्रिओटाइडच्या ॲम्प्यूल फ्रिजबाहेर उजेडापासून झाकून ठेवल्या तर दोन आठवडे टिकतात, त्यामुळे प्रवासात बर्फाचा डबा शोधत बसू नका.

दुर्बीण_फोंडा
मंगळवार, सायंकाळी ६:१५

बँडिंगबद्दल, म्हणजे फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून रबरी कडं घालणं. बँडचं टोपण दुर्बिणीच्या टोकाला लागतं आणि जाडी वाढते, त्यामुळे साधारण १० किलोखालच्या बाळाच्या घशातून ते जात नाही. तिथे इंजेक्शनने शीर सुकवायची, स्क्लेरोथेरपी. वजन वाढलं की बँड. २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा, शिरा मिटेपर्यंत. मिटल्या तरी तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी बघत राहा, परत येतात. जठरातल्या शिरांना बँड नको, तिथे सायनोॲक्रिलेट गोंद.

प्रोप्रॅनोलॉलबद्दल (हृदयाचा वेग आणि पोर्टलचा दाब उतरवणारं औषध) कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: मोठ्यांचा पुरावा मुलांवर चिकटवू नका. लहान बाळाचं हृदय दर मिनिटाला किती रक्त टाकतं ते ठोक्यांच्या वेगावरच अवलंबून असतं. रक्तस्रावाच्या वेळी तो वेग औषधाने बांधून ठेवलेला असेल तर बाळ सावरत नाही.

आता एक सापळा. आतडं जोडलेल्या मुलाला डांबरी शौच येतंय, हिमोग्लोबिन उतरतंय, पण दुर्बिणीत अन्ननलिका-जठर स्वच्छ. मग लोक मूळव्याध, मेकेल (आतड्यावरची जन्मजात पिशवी), काय काय शोधत बसतात. इथे रू लिंबमधल्या शिरांचा संशय घ्या. यकृताला जोडलेल्या त्या साधारण ४० सेंटिमीटर आतड्याच्या भिंतीतून पोर्टलचं अडलेलं रक्त यकृताकडे वाट काढतं आणि जोडाशी शिरा फुगतात. साधी दुर्बीण तिथे पोचत नाही. पोर्टल टप्प्याचा सीटी अँजिओ काढा आणि रू लिंबच पाहा असं चिठ्ठीवर लिहा, नाहीतर तो भाग 'आतडी सामान्य' या दोन शब्दांत उरकला जातो.

तारवाला
मंगळवार, रात्री ९:३०

@दुर्बीण_फोंडा, अगदी. आणि त्या शिरांवर नुसता गोंद-कॉइल घालून महिनाभराची शांतता मिळते. मुळातली अरुंद शीर उघडली तरच त्या खऱ्या बसतात. तोच माझा प्रांत, म्हणून थोडं विस्ताराने.

फुगा, म्हणजे तारेवरून नेऊन अरुंद शीर आतून रुंद करणं, कोणाला? अरुंदपणा छोटा, दोन्ही बाजूंची शीर उघडी, मुख्यतः प्रत्यारोपणाच्या जोडावर किंवा सिस्टच्या ऑपरेशननंतर. अख्खी शीर कॅव्हर्नोमा होऊन गेली असेल तर तार जायला वाटच नसते, तिथे आमच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

डॉप्लरवर संशय कधी: अरुंद जागेतला वेग आधीच्या भागाच्या तिप्पट-चौपट, पुढे शीर फुगलेली. मग सोनोग्राफी बघत यकृतातली एखादी बाहेरची पोर्टल शाखा २१ किंवा २२ गेजच्या सुईने टोचायची, ५-६ फ्रेंचचं शीथ (बारीक नळी), तार अरुंद जागेपलीकडे. दोन्ही बाजूंचा दाब मोजायचा. फरक ५ मिमी पाऱ्याच्या वर असेल तर उपचार करण्याजोगा. फुग्याचा व्यास शेजारच्या निरोगी शिरेएवढा किंवा किंचित जास्त. फुगवल्यावर मध्ये कमरेसारखी खाच दिसते, ती जाईपर्यंत दोन-तीनदा. पुन्हा दाब मोजायचा. खाच गेली पण दाब तसाच, तर काम झालेलं नाही.

निघताना सुईची वाट जेलफोम (रक्त थांबवणारा स्पंज) किंवा कॉइलने बुजवायची. हे विसरलं की रक्त पोटात. पोटात पाणी असेल तर धोका आणखी, कारण यकृत पोटाच्या भिंतीला टेकत नाही, दाब बसत नाही. आधी पाणी काढा, किंवा प्लीहेतून जायचा विचार करा.

स्टेंट शेवटी. मूल वाढतं, स्टेंट वाढत नाही. पुन्हा पुन्हा अरुंद होत असेल तरच, आणि नंतर मोठ्या फुग्याने ताणता येईल असाच. तोही अशा जागी की उद्या प्रत्यारोपण लागलं तर सर्जनला क्लॅम्प लावायला शीर उरेल.

दुसरा_टाका
मंगळवार, रात्री १०:२०

शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवण्यासारखं.

आता बायपास. सिस्टचं मूल, यकृत चांगलं, मुख्य शीर कॅव्हर्नोमा, पण डावी शाखा आत उघडी. अशा मुलाला मेसो-रेक्स बायपास. सुपीरिअर मेसेंटेरिक व्हेनपासून थेट डाव्या पोर्टलच्या रेक्स खोबणीत रक्त न्यायचं, पुलासाठी मानेतली आतली जुग्युलर शीर, बहुधा डावी. ब्रुसेल्समध्ये ड व्हिल ड गोये यांनी १९९० च्या दशकात हे सुरू केलं, प्रत्यारोपणानंतर बंद झालेल्या पोर्टलसाठी. बाकीचे शंट (रक्तासाठी केलेल्या आडवाटा) रक्त यकृताला टाळून नेतात, हा एकच ते यकृतात परत आणतो. त्यामुळे दाब उतरतो आणि यकृताला त्याचं रक्तही मिळतं.

अट्रेझियाच्या मुलात हे चालत नाही. यकृतच आडवं आलेलं असताना त्यात आणखी रक्त ढकलून उपयोग काय?

आधी काय तपासायचं: यकृताचा तुकडा, गोठण्याचे घटक, मानेच्या दोन्ही जुग्युलर डॉप्लरवर, आणि रेक्स सीटीवर दिसली नाही तर हिपॅटिक व्हेनमधून उलट्या दिशेने रंग सोडून. डॉप्लरवर 'दिसत नाही' म्हणजे 'नाही' असं नव्हे. प्रवाह कमी असला की ती मिटून बसते. पूर्वी यकृताच्या दाराशी ऑपरेशन झालेलं असलं तरी रेक्सकडे फाल्सिफॉर्म लिगामेंटच्या बाजूने जाता येतं, बऱ्याचदा तिथली जागा कोरी असते. वारंवार कोलँजायटिस झालेल्यात मात्र डावी शाखाही व्रणाने बारीक झालेली सापडते.

एक विनंती, सगळ्या आयसीयूवाल्यांना: अशा मुलाच्या मानेत, विशेषतः डावीकडे, सेंट्रल लाइन घालू नका. ती शीर उद्याचा पूल आहे.

सडा_वास्को
बुधवार, सकाळी १०:०५

मेसो-रेक्स छान आहे, पण करणारे किती? आपल्या देशात प्रॉक्सिमल स्प्लीनोरीनल शंट (पाणथरी काढून तिची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जोडणं) वर्षानुवर्षं होतोय, पाणथरी बेंबीपर्यंत आलेली असते, ती काढली की प्लेटलेट सुधारतात, मूल शाळेत जातं. त्याला कमी का लेखायचं?

दुसरा_टाका
बुधवार, सकाळी १०:५०

कमी लेखत नाही. पण आतडं यकृताला जोडलेल्या मुलाला कोलँजायटिसचा धोका आयुष्यभर असतो. त्यात पाणथरी काढून टाकली तर रक्तातला जंतुसंसर्ग किती वेगाने चढेल याचा विचार करा. रेक्स नसेल तर पाणथरी ठेवून करायचा डिस्टल स्प्लीनोरीनल शंट माझी दुसरी पसंती. काढायचीच असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिबच्या लसी निदान दोन आठवडे आधी, नंतर पेनिसिलिन.

आणि क्रम: कॅव्हर्नोमा असताना पित्ताचा जोड आवळला गेला, खडे झाले, म्हणून आधी तोच दुरुस्त करायला जाऊ नका. त्या पुंजक्यातून वाट काढताना टेबलावरच रक्त आवरत नाही. आधी शंट, शिरा बसल्या की मग जोड. दरम्यान पित्त बाहेरून नळीने काढा.

सडा_वास्को
बुधवार, सकाळी ११:०२

कोलँजायटिसचा मुद्दा मान्य. बाकी वाद भेटीअंती.

नारळ_आणि_मीठ
बुधवार, दुपारी २:३०

आहाराचं कोणीच बोललं नाही म्हणून. काविळीच्या मुलाला एमसीटी तेल (मध्यम साखळीचं, पित्त कमी असलं तरी शोषलं जाणारं) सांगितलं की हमखास ऐकू येतं, 'नारळाच्या तेलात एमसीटी असतंच, घरचंच घालू.' नारळाच्या तेलात निम्मं लॉरिक आम्ल, ते लांब साखळीसारखंच वागतं आणि शोषायला बरंचसं पित्त मागतं. खरी उपयोगी कॅप्रिलिक-कॅप्रिक आम्लं त्यात साधारण १५ टक्के. तेव्हा घाण्याचं तेल चविष्ट, पण औषध नव्हे.

पोटात पाणी असेल तर पावसाळ्यातलं खारं (खारवलेले मासे), सुकी सुंगटं (कोळंबी) आणि लोणचं बंद. ताजे मासे चालतात. 'काट्याने शीर फुटेल' या भीतीने मुलाचे मासे तोडू नका, काटे मात्र नीट काढा. या मुलांना नेहमीपेक्षा दीडपट उष्मांक लागतात.

डॉप्लरवाली
बुधवार, दुपारी २:४४

सुंगटं बंद म्हटल्यावर आईपेक्षा आजोबाच जास्त दुखावतात.

यकृतपुराण
बुधवार, सायंकाळी ५:१०

दोन गोष्टी राहिल्या होत्या. पोर्टलचा दाब असलेल्या प्रत्येक मुलाचं ऑक्सिजन बोटावर बघा, झोपवून आणि बसवून. बसल्यावर उतरत असेल किंवा ९७ च्या खाली राहत असेल तर बबल इको (शिरेतून बुडबुडे सोडून हृदयाची सोनोग्राफी). फुप्फुसातल्या शिरा रुंदावल्याची ती खूण, आणि रक्ताची एक उलटीही न होता हे होऊ शकतं. नखं फुगीर दिसली तर तिथेच थांबून विचार करा.

दुसरं, कासाईनंतर तीन महिन्यांत बिलिरुबिन २ च्या खाली आलं नाही, जलोदर झाला, वजन वाढेना, किंवा कावीळ असतानाच रक्तस्राव झाला, तर बँड मारत वर्ष काढू नका. मुंबई, पुणे, बंगळूर, चेन्नई, जिथे जमेल तिथे प्रत्यारोपणाच्या टीमला दाखवा. पोर्टल व्हेन ४ मिमीपेक्षा बारीक आणि प्रत्येक डॉप्लरला आणखी आक्रसत असेल तर घाई करा. जितकी बारीक, तितकं नव्या यकृताला जोडणं अवघड. पॅच किंवा ग्राफ्ट लावावा लागतो आणि नंतर @तारवाला यांना काम लागतं.

बालरोग_पेडणे
बुधवार, रात्री ९:२५

माझी दोन्ही मतं पडली. कॅव्हर्नोमावर हेपरिन नाही, आणि तपासणीचा क्रम यकृत बघून.

एकच राहिलं. सिस्टचं ऑपरेशन झालेलं पाच वर्षांचं मूल, कॅव्हर्नोमा, डावी शाखा उघडी, दुर्बिणीत शिरा लहान, अजून रक्तस्राव नाही, खेळतंय-खातंय. आत्ताच बायपास की उलटी होईपर्यंत वाट?

दुसरा_टाका
बुधवार, रात्री १०:०५

मी आत्ता म्हणेन, करणारे हात सरावलेले असतील तर. बावेनोच्या (पोर्टलच्या दाबावरच्या तज्ज्ञ परिषदांच्या) चर्चांतही मुलांसाठी कल तिकडेच आहे. रेक्स आज उघडी आहे, पाच वर्षांनी असेलच असं नाही.

दुर्बीण_फोंडा
बुधवार, रात्री १०:३०

मी थांबेन. शिरा लहान आहेत, सहा ते बारा महिन्यांनी दुर्बीण, दर वेळी प्लेटलेट, पाणथरी, वजन-उंची, ऑक्सिजन. यांतलं काहीही घसरलं की पाठवायचं. पण सर्जनची भेट आणि रेक्सचा नकाशा आजच करून ठेवायचा, याबाबत दुमत नाही.

मांडवीकाठ
गुरुवार, सकाळी ६:५०

उशिरा आलो. सिरिंज कुठल्या टोपीची म्हणालात, लाल का?

वॉर्ड_रात्रपाळी
गुरुवार, सकाळी ६:५२

नारिंगी! लाल नाही. नारिंगी.